वस्तीवरचं ऊन

मुळशीच्या धरणाकाठी सोनूची वस्ती आहे, तिथं दुपारी तीनलाच ऊन पळतं. हिवाळ्यात तर त्याच्याही आधी. पश्चिमेला डोंगर असा छातीवर उभा की सूर्य त्याच्यामागं गेला म्हणजे संपलं, अंगणातलं धुणं ओलं ते ओलंच. ओढ्यापलीकडच्या गावात मात्र ऊन दिवेलागणीपर्यंत रेंगाळतं. गाव वसताना कुणी कुठं राहायचं हे ज्यांनी ठरवलं, त्यांनी आपल्यापुरतं ऊन ठेवून घेतलं आणि सोनूच्या पणज्या-खापरपणज्यांना डोंगराचा पायथा दाखवला. पुढं वस्तीत विहार झाला, सिमेंटची घरं झाली, पोरं शिकली. डोंगर काही सरकला नाही.

म्हणून वस्तीतल्या बायकांची एक रीत पडलेली. सावली अंगणात शिरली की धुण्याच्या बादल्या, वाळवणाच्या पाट्या उचलायच्या आणि वाटेनं खाली कातळावर जायचं. ही वाट जिथं डांबरी रस्त्याला मिळते तिथंच तो कातळ आहे, आणि बरोबर त्याच्यासमोर डोंगराला खिंड आहे. खिंडीतून ऊन कातळावर संध्याकाळपर्यंत उतरत राहतं. कुरडया तिथं, गोधड्या तिथं, वस्तीतली भांडणंही तिथंच. सोनूनं दहावीचा अभ्यास त्याच कातळावर केला, आणि पहिली चित्रंही तिथंच काढली, कोळशानं, दगडावर.

आता ती बावधनला एका चित्रांच्या स्टुडिओत कामाला होती. रोज पौडची बस, तिथून पुढं दुसरी. स्टुडिओ पियूष नावाच्या माणसाचा. माणूस तिरसट, पण शिकवायला बसला की जेवण विसरायचा. सोनूच्या हातात त्यानं पेन टॅबलेट दिला आणि बजावलं, "आधी सूर्य कुठं आहे ते ठरवायचं, मगच पेन टेकवायचं. सूर्य ठरला की सावल्या आपोआप जागेवर पडतात. नाही ठरला, तर कितीही रंग ओत, चित्र खोटंच दिसणार."

पहिल्याच आठवड्यात त्यानं तिला काम दिलं. दुपारी चार वाजताचं घर काढून आण. सोनूनं जीव ओतून घर काढलं, पत्रा काढला, दारातली तुळस काढली, आणि सगळ्यावर एकसारखी निळसर सावली पसरली. पियूषनं ते बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं, चार वाजता म्हटलं होतं. ऊन कुठाय?"

"डोंगरामागं गेलं की, सर."

"चार वाजता?"

"तीनलाच जातं."

स्टुडिओतली पोरं फिदीफिदी हसली. पियूष हसला नाही. तो खुर्ची ओढून बसला आणि त्यानं तिला विचारून विचारून वस्तीचा सगळा नकाशा काढून घेतला, डोंगर कुठं, ओढा कुठं, ऊन कुठून येतं न् कुठून जातं. मग म्हणाला, "चित्र चुकलेलं नाहीये. पण बघणाऱ्याला तुझा डोंगर दिसत नाही, म्हणून चुकल्यासारखं वाटतं. आणि एक, तुझी सावली काळी नाही, निळी आहे. हे इथं कुणाला सांगूनही जमत नाही." सोनूला त्या दिवशी बसमध्ये उभं राहूनसुद्धा पाय दुखले नाहीत.

पोरगी शिकत गेली. टेबलावर अंडं ठेवून दिव्याखाली त्याच्या सावल्या काढल्या. लाल जमिनीवरून उडालेला उजेड पत्र्याच्या पोटाला कसा तांबूस करतो ते शिकली. आणि सगळ्यात मोठी गोष्ट शिकली ती ही, की चित्रात जिथं सगळ्यात उजळ आणि सगळ्यात गडद एकमेकांना खेटून असतात, माणसाची नजर पहिल्यांदा तिथंच जाते. "तुला जे दाखवायचंय ते तिथं ठेव," पियूष म्हणायचा. "आणि जे लपवायचंय ते सावलीत ढकल."

हे दुसरं वाक्य सोनूनं तेव्हा मनावर घेतलं नव्हतं. घ्यायला हवं होतं.

कारण एके दिवशी स्टुडिओत हैबतराव आले. हे तिच्याच गावचे, ओढ्यापलीकडचे. जमिनी मिळवून द्यायचा धंदा, गळ्यात जाडजूड साखळी, बोलणं गुळातलं. पुण्याच्या एका कंपनीसाठी त्यांनी धरणाकाठी बंगल्यांचे प्लॉट पाडायला घेतले होते. कुठं, तर सोनूची वस्ती आणि डांबरी रस्ता यांच्या मधोमध, कातळासकट. कंपनीला त्याचं भलंमोठं चित्र हवं होतं, रस्त्याकडेला लावायला. हैबतरावांनी ड्रोननं काढलेला फोटो आणला होता, धरणाच्या पाण्यावरून डोंगराकडं बघणारा. खिंडीत सूर्य, खाली सोनेरी प्लॉट, आणि वस्ती डोंगराच्या सावलीत बुडालेली.

"प्रमोदची लेक ना तू?" त्यांनी सोनूला बघितलं आणि तोंडभर हसले. "बरं झालं. गावची पोरगी गावचं चित्र काढतीया. ऐक, अशीच संध्याकाळ ठेव. पुण्याच्या लोकांना मावळतीचं लई येड. वस्ती आपसूक अंधारात हाय. तू आनखी गडद कर, वर दोन-चार झाडं टाक. काम फत्ते."

"अण्णा, तितं घरं हायेत."

"व्हय की! मी कुटं न्हाई म्हणतोय? चित्रात नगं म्हणतोय."

"आन् वाट?"

"वाट बी नगं. तितं फाटक दाखव, लोखंडी, वर दिवे. खांब तर मी कालच रोवलेत."

सोनूनं ते खांब सकाळी बघितले होते. कातळाला खेटून, वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन काँक्रीटचे खांब. वस्तीत कुणालाच धड माहीत नव्हतं की ते कशाचे. आता तिला कळलं.

"मग आमी रस्त्याला यायचं कुटून?"

"ओढ्याकडनं वळसा हाय की." हैबतरावांनी हात असा हवेत फिरवला की पावसाळ्यात कमरेएवढं पाणी असणारा ओढा म्हणजे जणू घरची मोरी. "आन् तुझा बा त्या फाटकावर वॉचमन व्हणार हाय. शब्द दिलाय मी. आपल्याच माणसाचं फाटक, तुला कोण अडवतंय?" मग पियूषकडं वळून जरा हळू आवाजात, पण सोनूला ऐकू जाईल एवढ्याच हळू, म्हणाले, "कंपनीच्या मॅडमला मी सांगितलंय, डोंगराखाली गोठे हायेत. गोठेच राहू द्या."

गोठे! विहाराच्या भिंतीला दर जयंतीला पोरं स्वतःच्या हातानं पांढरा रंग देतात. त्या भिंतीला हा माणूस गोठा म्हणाला आणि वर चहा मागितला. सोनूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी न्हाई करणार," ती ताडकन म्हणाली.

हैबतराव हसतच निघून गेले. पोरीबाळींचं बोलणं त्यांच्या कानात शिरत नसे. ते गेल्यावर पियूषनं ड्रोनचा फोटो आपल्या टेबलावर ओढून घेतला. मग म्हणाला, "सोनू, हे काम मला सोडता येणार नाही. तू नाही केलंस तर मी करीन. आणि मी ते नीट करीन, हे तुला माहीत आहे."

माहीत होतं. पियूषनं वस्ती अशी सफाईनं बुडवली असती की खुद्द वस्तीतल्या माणसालाही शोधून सापडली नसती. आणि एकदा तीस फुटी फलकावर तिथं नुसती झाडी दिसली, समोर फाटक दिसलं, की प्लॉट घेणारे ते फाटक गृहीत धरूनच पैसे भरणार. मग वाट मागायला कुणापुढं जायचं? मुळात वस्तीच नाही, तर तिला वाट कशाला?

"नको सर," सोनू म्हणाली. "मीच करते."

घरी तिनं सगळं सांगितलं. बाप, प्रमोद, कारखान्यात रोजंदारीवर झिजलेला माणूस, खुर्चीवर बसायची नोकरी मिळणार म्हणून, फाटक कुठलं ते न विचारताच, दोन दिवस खुशीत होता. "आपुन काय बोलायचं," तो पुटपुटला. "मोठ्यांची कामं."

आई उसळली. अनुसया भुकूमच्या एका रोपवाटिकेत कामाला होती आणि तिच्या तोंडाला सगळी रोपवाटिका वचकून असायची. "म्हंजी मी कामावनं आले की तुमी फाटकात उभं ऱ्हाऊन मला इचारणार, कोण बाई तुमी? कुणाकडं आलाय? वहीत नाव लिवा? आन् मी काय लिवू? वॉचमनच्या बायकूनं वॉचमनकडं?"

प्रमोदला हसू आलं, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. "न्हाई करायची ती नोकरी," तो म्हणाला. "नगंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनू कातळावर बसची वाट बघत उभी होती. सहज मागं वळली आणि बघतच राहिली. खाली प्लॉटांवर धरणाचं धुकं साचलेलं, आखणीच्या खुंट्यासुद्धा दिसत नव्हत्या. आणि वर, धुक्याच्या बाहेर, डोंगराच्या गडद अंगाला टेकून वस्ती लख्ख उजळलेली. पूर्व सगळी मोकळी होती ना! ओढ्यापलीकडचं गाव झाडीत झोपलेलं, आणि सकाळचं पहिलं ऊन थेट वस्तीवर पडलेलं. जन्मापासून ती हे बघत होती. दुपारी गेलेल्या उन्हाचा राग एवढा मोठा, की सकाळी मिळणाऱ्या उन्हाकडं कुणी लक्षच दिलं नव्हतं.

बस आली. सोनूला चढायचं भान राहिलं नाही, कंडक्टर ओरडला तेव्हा ती धावली.

स्टुडिओत तिनं सूर्य आधी ठरवला. खिंडीतून काढला आणि बघणाऱ्याच्या पाठीशी नेऊन ठेवला, पूर्वेला. मग सगळं चित्र नुसत्या करड्या रंगात मांडलं. प्लॉट धुक्यात, मऊ, छान, कुणी नावं ठेवू नयेत असे. डोंगर गडद निळा. आणि त्या गडद निळ्याला खेटून विहाराची पांढरी भिंत. बस्स, झालं काम. नजर दुसरीकडं जाईच ना. मग रंग चढवले. पत्र्यांच्या पोटाला लाल मातीचा उजेड दिला. आईचं पाण्याचं निळं पिंप काढलं, दोरीवरचं लुगडं काढलं, घरांच्या लांब सावल्या मागं डोंगराकडं टाकल्या. आणि वस्तीपासून धुक्यातून खाली येणारी वाट, कातळाजवळून, दोन खांबांच्या मधून, थेट रस्त्यापर्यंत. फाटक काढलंच नाही. तिथं अजून कुठं होतं फाटक?

त्यात खोटं एवढंसंही नव्हतं. पहाटे उठून कुणीही जाऊन बघावं.

पियूष मागं येऊन उभा राहिला. त्याची नजर पहिल्यांदा कुठं गेली ते सोनूनं आरशात बघावं तसं पडद्याच्या काचेत बघितलं.

"मुद्दाम केलंस."

"व्हय सर. मुद्दाम." स्टुडिओत ती एरवी जपून, पुणेरी बोलायची. आज नाही जपलं. "दाखवायचं ते कुटं ठेवायचं, तुमीच शिकवलंत."

पियूषनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. चित्र अप्रतिम झालं होतं, आणि हे त्याच्याइतकं कुणाला कळणार होतं? "पाठव," तो शेवटी म्हणाला. "पण फसवून नाही. सांगून पाठव."

सोनूनं हैबतरावांच्या मोबाइलवर चित्र पाठवलं आणि खाली स्वच्छ लिहिलं, 'अण्णा, सकाळ घेतली आहे. वस्ती आणि वाट दोन्ही दाखवल्या आहेत. बघून सांगा.'

हैबतराव तेव्हा साइटवर, भर उन्हात. मोबाइलला तडा गेलेला, चष्मा गाडीत. बोटाएवढ्या चित्रात त्यांना धरण दिसलं, धुकं दिसलं, कोवळं ऊन दिसलं. खालचं वाचायची त्यांना सवयच नव्हती, त्यांच्या आयुष्यात वाचायची कामं दुसऱ्यांनी करायची असत. उत्तर आलं, 'लई भारी. छापा.' सोबत अंगठे तीन.

तीस फुटी फलक रविवारी सकाळी चढला, कातळाच्या बाजूला. दुपारी बुकिंगचा कार्यक्रम होता. मांडव, खुर्च्या, पुण्याहून आलेल्या गाड्या, आणि कंपनीच्या मॅडम स्वतः. हैबतराव गाडीतून उतरले, वर बघितलं, आणि त्यांच्या तोंडाचं पाणी पळालं. बोटाएवढ्या पडद्यावरचा पांढरा ठिपका आता चांगला पुरुषभर उंचीचा विहार झाला होता. पिंप, लुगडं, वाट, सगळं ढळढळीत.

"झाका ते!" ते मांडववाल्यांवर ओरडले. "आत्ताच्या आत्ता झाका!"

झाकायला दुसरं काही सापडेना. मांडवाला सावलीसाठी आणलेली हिरवी जाळी होती, तीच पोरांनी वर चढून फलकाच्या त्या कोपऱ्यावर ताणून बांधली. वस्ती जाळीआड गेली. हैबतरावांनी घाम पुसला, गुळातला आवाज परत आणला आणि माइक हातात घेतला.

सोनू त्या दिवशी घरीच होती. तीन वाजले, सावली अंगणात उतरली, आणि रीतीप्रमाणं बायकांनी बादल्या उचलल्या. कार्यक्रम असो नाहीतर आणखी काही, धुणं वाळायला नको? अनुसया पुढं, सोनू तिच्यामागं, बाकीच्या त्यांच्यामागं, अशा त्या वाटेनं खाली आल्या. दोन खांबांमधून आल्या आणि थेट मांडवाच्या तोंडाशी उभ्या राहिल्या.

अनुसयानं वर फलकाकडं बघितलं. लेकीनं काय काढलंय ते तिला माहीत होतं. ती जाळी कशावर आहे हेही लगेच कळलं. आणि जाळी तर तिला चांगलीच ओळखीची, रोपवाटिकेत रोज तीच बांधायची न् सोडायची. तिनं बादली खाली ठेवली, पदर खोचला आणि कोपऱ्याकडं चालू लागली.

"ए बाई, कुटं चाललीस?" हैबतराव माइकवरच बोलून गेले, सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. "पाहुणे बसल्यात, दिसत न्हाई का?"

"दिसतंय की. आमीच तेवढं दिसत न्हाई तुमाला." अनुसयाचा आवाज माइकशिवायही रस्त्यापलीकडं जायचा. "हैबतराव, डोंगराची सावली आमी बापजाद्यांपास्नं सोसतोय. तिला इलाज न्हाई, डोंगर कुणी आमच्यावर मुद्दाम आणून ठेवला न्हाई. ही जाळी मातर तुमी बांधलीया. ही आमी सोसणार न्हाई."

आणि तिनं गाठ सोडली. खालची एक, मग वरची सोडायला सोनू फलकाच्या बांबूवर चढली. कुणी पुढं येऊन अडवलं नाही. मांडवाच्या कडेला कार्यक्रम बघत बसलेला बापच उठून आला आणि त्यानं बांबू घट्ट धरला. जाळी सुटली, खाली कोसळली, आणि भर दुपारी, सावलीतल्या डोंगरासमोर, वस्तीवर सकाळचं ऊन पडलं.

खुर्च्यांवर कुजबुज झाली. पुढच्या रांगेतला एक माणूस उभा राहिला. "ही घरं कोणाची आहेत? आणि हा रस्ता आमच्या प्लॉटमधूनच जातो ना?"

कंपनीच्या मॅडम फलकाकडं बघत होत्या, मग वाटेकडं, मग बादल्या घेतलेल्या बायकांकडं. "हैबतराव," त्या म्हणाल्या, "तुम्ही तर गोठे म्हणाला होता."

"अहो मॅडम, ह्या पोरीनं सूर्यच फिरवला!" हैबतराव सोनूकडं बोट करून किंचाळले. "संध्याकाळ सांगितली होती मी! संध्याकाळी हितं काय दिसत न्हाई!"

"मी कुटं फिरवला, अण्णा?" सोनू बांबूवरूनच म्हणाली. "रोज उगवतोय तसाच काढलाय. तुमी कधी सकाळी आला न्हाईत, त्याला मी काय करू?"

बायका खदखदून हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी माइक मागून घेतला आणि खुर्च्यांवरच्या लोकांना सांगितलं की चित्र कंपनीचं आहे, चित्रात वाट आहे, तेव्हा वाट राहील. मनातून म्हणाल्या की नाइलाजानं, ते त्यांचं त्यांना ठाऊक. इतक्या लोकांसमोर म्हणाल्या, एवढं वस्तीला पुरे होतं.

काही गाड्या त्याच पावली पुण्याला परत गेल्या. वस्तीशेजारी राहायचं नव्हतं त्यांना. जाऊ देत. स्टुडिओचं ते गिऱ्हाईकही गेलं. सोमवारी सोनू गेली तेव्हा पियूषनं धुसफुसतच तिच्या टेबलावर मसाल्याचं पाकीट आदळलं. "गिऱ्हाईक घालवलंस माझं. आता ह्या मिसळ मसाल्यावर उजेड पाड. आणि वाफेला सावली असते, विसरू नकोस." म्हणजे तिला काढलं नव्हतं.

फाटक बसलं नाही. खांब मात्र मजबूत आहेत, ते उपटायला कोण खर्च करणार? त्यांच्यामधल्या जागेवर खिंडीतलं ऊन थेट येतं, ही गोष्ट अनुसयाच्या नजरेतून सुटणार होती थोडीच! दुसऱ्याच आठवड्यात तिनं दोन खांबांना नायलॉनची दोरी बांधली. आता दुपारी तीननंतर तिथं सगळ्या वस्तीचं धुणं वाळत असतं. साइटवर जायचा रस्ताही तोच. हैबतरावांची जीप येते, थांबते, ड्रायव्हर उतरतो आणि दोरी दोन्ही हातांनी उंच धरतो, आणि हैबतराव खाली उतरून, मान वाकवून, अनुसयाच्या ओल्या लुगड्याखालून आत जातात.